डेपो, चौक आणि सासूबाईंचा आवाज

सभेच्या दिवशी सकाळी तिने नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. पुन्हा प्रयत्न केला. या वेळी गंजलेल्या बिजागरीसारखी एक करकर निघाली आणि तीही मध्येच विरली.

चूक तिचीच होती. ती गावाबाहेरच्या शेतात पालक, गाजरं, फ्लॉवर पिकवायची आणि दर शनिवारी बाजारात नेऊन विकायची. सगळे तिला पालकताईच म्हणायचे. हा बाजार इतकी वर्षं शाळेच्या मैदानावर भरत होता. आता शाळेने तिथे नवी इमारत बांधायला काढली आणि बाजार अक्षरशः उघड्यावर आला. जायचं कुठे? दुकानदार म्हणत होते, मधल्या चौकात या, माणसं तिथेच असतात. शेतकरी म्हणत होते, पुलापलीकडचा जुना बस डेपो रिकामा पडलाय, वर पत्रा आहे, नळ आहेत, टेम्पो थेट आत जातो. गावात दुसरा विषयच उरला नव्हता. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली माणसं साबणासकट उठून वाद घालायची. शेवटी नगराध्यक्षबाईंनी सभा बोलावली आणि शेतकऱ्यांनी एकमुखाने ठरवलं, आपल्या बाजूने पालकताई बोलणार.

तिने मग आठवडाभर वाऱ्यात उभं राहून फ्लॉवरच्या वाफ्यांसमोर भाषणाची तालीम केली. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे म्हणून ओरडून केली. फ्लॉवरने काही तक्रार केली नाही. घशाने केली.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "एक शब्दही मोठ्याने बोलायचा नाही."

घरी आल्यावर ती खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा बिचारा समोर उभा. वायरमन माणूस, विजेच्या खांबावर चढायला घाबरायचा नाही, पण चार माणसांत नमस्कार करतानाही अडखळायचा. "मी बोलू का?" त्याने विचारलं, पण ते विचारतानाच त्याचा चेहरा इतका पांढरा पडला की तिने मान हलवून नको म्हटलं.

"मी बोलते," आतल्या खोलीतून आवाज आला.

दोघांनी चमकून पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या.

आवाजाचं म्हणाल तर सासूबाईंना माइकची गरज नव्हती. सगळी नोकरी त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. गच्च भरलेल्या गाडीत त्या पुढच्या दारातून "आत सरका" म्हणाल्या की मागच्या दाराजवळचा माणूस आत सरकायचा. अडचण वेगळीच होती. सासूबाई चौकाच्या बाजूच्या होत्या, आणि नुसत्या बाजूच्या नाही, कट्टर. "सगळा जन्म त्या डेपोत गेला माझा," त्या रोज जेवताना म्हणायच्या. "आता भाजीलाही तिथेच जाऊ? गुडघे बघ माझे. चौक कसा, दाराबाहेर पाऊल टाकलं की आला."

"आई, तू?" नवऱ्याने आ वासला. "तू तर दुसऱ्या पार्टीची."

"मग? पोरीने एवढी तयारी केलीय ती वाया घालवू? विचार तिचे, घसा माझा. ती कानात सांगेल, मी पुढे सांगेन. एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, विश्वास आहे ना?"

विश्वास होता की नाही ते तिचं तिलाच कळेना. पण दुसरा घसा कुठून आणणार? तिने मान डोलावली.

संध्याकाळी नगरपालिकेचं सभागृह खचाखच भरलं. फोल्डिंगच्या खुर्च्या संपल्या, माणसं खिडक्यांत बसली. एका बाजूला दुकानदार, दुसऱ्या बाजूला शेतकरी, आणि मधल्या वाटेत ज्यांचं अजून ठरत नव्हतं ते. मागच्या रांगेत सासूबाईंबरोबर वर्षानुवर्षं गाडी चालवलेले ड्रायव्हरभाऊ बसले होते. ते आता शाळेची मिनीबस चालवायचे. सासूबाईंना पाहून त्यांनी बसल्या बसल्या सलाम ठोकला.

पालकताई ओठांतल्या ओठांत भाषण पुन्हा म्हणून बघत होती.

आधी बूटशेठ बोलले. चौकात त्यांचं चपला-बुटांचं मोठं दुकान होतं आणि बोलणंही पॉलिश केलेलं होतं. टाळ्या जोरात पडल्या. मग नगराध्यक्षबाईंनी शेतकऱ्यांना पुकारलं आणि स्टेजवर सासू-सून दोघी चढल्या.

सासूबाईंनी माइक बाजूला सारला. "मंडळी, आधीच सांगते. मी स्वतः चौकवाली."

दुकानदारांनी टाळ्या पिटल्या. शेतकऱ्यांचं धाबं दणाणलं. कोणीतरी ओरडलं, "ताई, हे काय!"

"गप बसा! मी चौकवाली, पण आत्ता इथे माझ्या सुनेचा आवाज उभा आहे. ऐकून घ्या."

आणि मग पालकताई कानाशी कुजबुजत गेली आणि सासूबाई सांगत गेल्या. चौकात ऊन लागलं की पालक तासाभरात मान टाकतो. टेम्पो उभे राहिले तर रुग्णवाहिका अडकते. डेपोत नळ आहेत, हात धुवायला, भाजी धुवायला. वाफ्यांसमोर रटाळ वाटलेली वाक्यं त्या दणदणीत आवाजात अशी काही उभी राहिली की तिच्या अंगावर काटा आला. हे आपणच लिहिलं? मधेच एका ठिकाणी तिचा श्वास लागला आणि सासूबाईंना नीट ऐकू आलं नाही. "काय? कोणाला ओलं ठेवायचं?" त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "हां, पालकाला! मला वाटलं, पाहुण्याला." सभागृह हसून लोटपोट झालं. दुकानदारसुद्धा.

बूटशेठ मात्र उठले. "हे सगळं ठीक आहे. पण म्हाताऱ्या माणसांनी पूल ओलांडून यायचं कसं? त्याचं उत्तर द्या."

सासूबाई सुनेकडे वळल्या. त्या आवाज उतरवून बोलल्या, पण त्यांचा उतरवलेला आवाजही तिसऱ्या रांगेपर्यंत जायचा. "हाच तर माझाही प्रश्न आहे गं. सांग, काय सांगू?"

पालकताईने एवढी तालीम केली होती, पण याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. घरात रोज हाच प्रश्न ऐकत होती आणि रोज ताट उचलून उठून जात होती. तिला स्वतःचीच लाज वाटली. सासूच्या कानाशी जाऊन ती एवढंच म्हणाली, "आई, मला नाही माहीत. तुम्हीच सांगा, तुम्हाला कसं यायला आवडेल?"

सासूबाई सभेला म्हणाल्या, "सुनेकडे उत्तर नाही. ती मलाच विचारतेय, तुम्हाला कसं यायला आवडेल म्हणून. आता मी काय चालत येणार? मी आयुष्यात कुठे चालत गेले नाही, मी बसने गेले." बोलता बोलता त्यांची नजर मागच्या रांगेवर गेली आणि चेहराच बदलला. "ड्रायव्हरभाऊ! शनिवारी शाळेची बस काय करते?"

ड्रायव्हरभाऊ दचकून उभे राहिले. "उभी असते, बाई."

"चौकातून डेपो, डेपोतून चौक. चालवाल?"

"शाळेने हो म्हटलं तर दिवसभर."

मुख्याध्यापक खिडकीजवळ होते. आमच्यामुळेच बाजार हलतोय, ते म्हणाले, तेव्हा नाही कसं म्हणू? पालकताईने दोन्ही हात वर करून शेतकऱ्यांकडे पाहिलं. तिचा इशारा ओळखून सगळे एका सुरात ओरडले, "डिझेल आमचं!"

"आणि दारात मी उभी राहीन," सासूबाई गरजल्या. "म्हाताऱ्यांना हात देऊन चढवीन, रांग मोडणाऱ्याला खाली उतरवीन. बूटशेठ, सुट्टे घेऊन यायची गरज नाही, तिकीट नाही. डबल बेल!"

सभागृहात नुसता गोंगाट माजला. पालकताई आवाज नसतानाही ओरडत होती, हसत होती, रडत होती, काय करत होती ते तिला कळत नव्हतं.

हात वर करून मतं घेतली. मोजणी दोनदा झाली, कारण पहिल्यांदा एक माणूस दोन्ही हात वर करून बसला होता. डेपो थोडक्या मतांनी, पण स्पष्ट जिंकला. नवऱ्याने सगळ्यांसमोर बायकोला मिठी मारली आणि लगेच कानापर्यंत लाल झाला.

घरी जाताना रस्त्यात तो म्हणाला, "आई, मी बघितलं बरं का. तू चौकाला हात वर केलास."

"मग? घसा सुनेला दिला होता. हात माझा आहे."

पालकताई रस्त्यातच थांबली आणि पोट धरून हसत सुटली. मग सासूबाईंचा दंड धरून ती घरापर्यंत चालली. घर जवळ आलं तशा सासूबाई गुडघे चोळायला थांबल्या. "काय गं," त्या म्हणाल्या, "दर शनिवारी दिवसभर उभं राहायचं म्हणाले का मी? ह्या गुडघ्यांनी?" नवऱ्याने त्याच आठवड्यात बसच्या दाराशी घडीचं स्टूल बसवून दिलं.

पहिल्या शनिवारी तिने पहाटेच टेम्पो भरला. डेपोत पत्र्याखाली टोपल्याच टोपल्या लागल्या, नळावर भाज्या धुवायला गर्दी उडाली, आणि तरी सगळ्यांचे डोळे फाटकाकडे. येतात का माणसं? मग पुलावरून हॉर्न वाजला. मिनीबस आत वळली ती इतकी भरून की काचांना नाकं चिकटलेली. दार उघडलं आणि आतून तो आवाज आला, "उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या! शेठ, पिशवी सांभाळा!"

पहिले उतरले बूटशेठच. जरा ओशाळून तिच्यासमोर आले. "दोन जुड्या पालक. आणि माझं मत अजून बदललेलं नाही, सांगून ठेवतो."

"नका बदलू," तिने घोगऱ्या आवाजात सांगितलं, आणि सुट्टे हातात ठेवले.

दुपारपर्यंत तिच्या टोपल्या रिकाम्या झाल्या. तेवढ्यात फाटकाजवळ आरडाओरडा सुरू झाला. बस थांबते तिथली जागा मधवाल्याची की अंडीवालीची, यावरून दोघांची जुंपली होती आणि बघता बघता अर्धा बाजार त्यात पडला होता. सासूबाई स्टुलावरून उठून अंडीवालीच्या बाजूने बोलायला लागल्या. पालकताईने पदर खोचला आणि मधवाल्याची बाजू घ्यायला ती तिकडे धावली.