शेकाखालचं दुखणं

मित्रांनो, मी रबराची, गरम पाण्याची पिशवी. एकेकाळी लालभडक होते, आता पार विटले आहे. साच्यातून निघाले तेव्हा अंगावर बारीक रेघा होत्या, त्याही माणसांच्या पोटापाठीवर घासून गेल्या. औषधांच्या दुकानात वर्षभर लटकल्यावर एका इस्त्रीवाल्यानं मला घरी आणलं.

त्याचं दुकान पुढे, घर मागे. "शरीर म्हणजे तरी काय? कापडच. आखडलं की शेक द्यायचा, सरळ होतं," असं तो गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा. त्याची कंबर, मेहुण्याची मान, सगळं मी शेकलं. त्याच्या बायकोचे महिन्याचे ते चार दिवस माझ्याशिवाय जायचे नाहीत. ती पोट धरून गुपचूप पडायची, आणि तो दाराशी घुटमळून दुकानात परत जायचा. बायकांच्या दुखण्यात पुरुषानं काय विचारायचं, असं त्याला वाटे. "ही आहे म्हणून डॉक्टरची पायरी चढावी लागत नाही," तो म्हणायचा आणि मी फुगून जायचे.

मग एका सकाळी त्यांच्या मुलीचं, चौदा वर्षांच्या बबडीचं पोट दुखायला लागलं. बेंबीपाशी.

"महिन्याचं असेल. सवय कर बाई, आता दरवेळी हेच आहे," आई म्हणाली आणि मला भरून तिच्या पोटावर ठेवलं.

दुपारपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं. बबडीनं उजवा गुडघा पोटाशी ओढून धरला. मित्रांनो, तिच्या आईचं पोट मी वर्षानुवर्षं शेकलं होतं. ते दुखणं मधोमध असतं, येतं नि जातं. हे एका जागी धुमसत होतं, आणि त्याच्यावर मी कढत पाणी घेऊन बसले होते! मला ओरडायचं होतं, 'अरे, काढा मला! डॉक्टरकडे न्या पोरीला!' पण मला तोंड दिलंय ते पाणी ओतण्यापुरतं.

"आई, हे वेगळंच दुखतंय गं."

"सुरुवातीला वाटतं तसं. सोस जरा."

बबडीला उलटी झाली. दुकानातून आवाज आला, "पाणी बदल गं तिचं! चांगलं कढत घाल!" तीनदा मला भरलं. तीनदा मी लवकर गार व्हायची धडपड केली. ते माझ्या हातात होतं थोडंच!

चारच्या सुमारास दुखणं एकदम थांबलं.

"बाबा, राहिलं," बबडी हसून म्हणाली.

इस्त्रीवाल्यानं आत येऊन माझ्यावर थाप मारली. "बघितलंस? म्हटलं नव्हतं?"

असलं कौतुक वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. आत काहीतरी फुटलं होतं, आणि ते फक्त मला कळलं होतं.

तासाभरात बबडी थरथरायला लागली. आईनं मला उचलून पोटावर हात ठेवला आणि किंचाळली, "अहो, इकडे या! हिचं पोट फळीसारखं झालंय!" इस्त्रीवाला पोरीला उचलून पळत सुटला. मागे दुकानात कुणाचा तरी सदरा जळत राहिला.

पाच दिवस घरी कुणी फिरकलं नाही. ती आहे की गेली, मला ठाऊक नव्हतं. सहाव्या दिवशी तो एकटा आला. तिचे दोन कपडे इस्त्री न करताच कापडी पिशवीत कोंबले, आणि मला बघून हमसाहमशी रडला. "अपेंडिक्स फुटलं म्हणाले डॉक्टर. विचारलं, शेक दिला होता का? काय सांगू मी?"

तीन आठवड्यांनी बबडी घरी आली, अगदी काडी होऊन. मला खिळ्याला टांगलं. धूळ बसली, वरवर चिरा गेल्या. मित्रांनो, माझ्या चिरांचं काही नाही. पण अंगाबद्दल माणसं आधीच ठरवून मोकळी होतात, आणि ज्याचं दुखतंय त्याचं ऐकायचं राहून जातं. मला खुशाल भरा, पण आधी त्याला विचारा.

परवा बबडी पुन्हा पोट धरून बसली. आईनं मला भरलं खरं, पण हातातच धरून उभी राहिली. इस्त्रीवाला दुकान सोडून आत आला. या वेळी दाराशी घुटमळला नाही. लेकीसमोर उकिडवा बसला.

"बबडे, कुठं दुखतंय? बोट ठेवून दाखव."

"बाबा, तुम्हाला काय सांगायचं..."

"मलाच सांग."

बबडीनं बेंबीखाली मधोमध बोट टेकवलं.

"नक्की? वेगळं नाही ना?"

"नाही बाबा. नेहमीचंच."

तेव्हा कुठे त्यानं मला आईच्या हातून घेतलं, आणि आधी स्वतःच्या गालाला लावून बघितलं.