मोटरीवरची दुसरी मूठ

"हा पंखा कुणी ठोकून सरळ केलाय? कुंभारानं?" शुभंकरनं विचारलं.

जुन्या बोटींच्या मोटरी जमवणारा हा पोरगेला माणूस नारायण पेठेतून आमच्या धायरीला आला होता. बाल्कनीत गुडघे टेकून, टॉर्च मारून आप्पांची मोटर तपासत होता. मी माझ्या लेकीला, शेफालीला, कडेवर घट्ट धरून उभी. ती चालायला लागल्यापासून मला त्या पात्यांची धास्ती. स्वयंपाक करतानाही कान बाल्कनीकडे. माझा नवरा आनंद जर्मनीहून फोनवर म्हणाला, "विकून टाक ना! आप्पांना सांग." सांगायचं अर्थात मीच. आप्पा, माझे सासरे, एवढंच म्हणाले, "बोलाव गिऱ्हाईक."

उभा जन्म त्यांनी खडकवासल्याच्या पाण्यावर बोट चालवली होती.

"टाकी डोक्यावरच, पितळेची. वा! दोरी हातानं गुंडाळून ओढायची. असं आता बघायला मिळत नाही." मग शुभंकरचा हात थांबला. "ही काय भानगड? दुसरी मूठ?"

मीही पहिल्यांदाच नीट पाहिली. मोटर बोटीला जखडायच्या पकडीवर एक आडवी लोखंडी मूठ वेल्डिंग केलेली. वर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, पार झिजून गुळगुळीत.

"कंपनीची नाही ही. चालवणाऱ्याच्या हाताला तर येतच नाही."

"चालवणाऱ्याची न्हाईच ती," आप्पा म्हणाले. "शेजारी बसंल त्याची."

"कोण बसायचं? हनिमूनवाले?"

"बुडालेल्याच्या घरचं माणूस."

शुभंकरनं टॉर्च विझवला.

"घरचा हात लागल्याबिगर मढं पाण्यातनं वर घ्यायचं न्हाई, असा आमच्याकडं रिवाज. म्हणून एकाला संगं न्यायचो. एकदा एक आई होती. पोरगं दिसलं, आन् तिनं उडीच टाकली. कशीबशी काढली तिला. मग ही मूठ लावून घेतली. बसल्या बसल्या सांगायचो, हिला धरा, सोडू नका."

शेफाली कुरकुरली, तेव्हा मला कळलं मी तिला किती आवळलंय.

"ती माणसं नंतर भेटतात कधी?" मी विचारलं.

"कशाला भेटतील? मी दिसलो की त्यांना तेच आठवायचं. लग्नात पंगतीला बसलो की शेजारचं पान रिकामं. त्यांचं काय चुकलं न्हाई. तुझी सासू बसायची मग, बायकांची पंगत सोडून. तीबी गेली."

शुभंकर म्हणाला, "काका, मी घेतो मोटर. पण खोटं नाही सांगत, मूठ कापणार. मला मोटर मूळची होती तशी करायचीय."

"नका देऊ, आप्पा," मी म्हणाले. "आपण पात्यांना जाळी बसवू."

"आन् तुझा जीव टांगलेलाच राहील. न्हाई. पोरीचं घर हाय हे." मग ते शुभंकरकडे वळले. "काप. पण इथं नको."

खाली नेताना जड बाजू त्यांनीच धरली. मी वरून पाहत होते. शुभंकरचा टेम्पो सुरू झाला तसे आप्पा पार्किंगच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. मागून एका कारनं हॉर्न दिला, मग पुन्हा, लांबलचक. ते हलले नाहीत. टेम्पो सिंहगड रस्त्याच्या बाजूला वळून दिसेनासा झाला, तेव्हा त्यांनी टोपी घातली, बाजूला सरले आणि कारवाल्याला माफी मागितल्यासारखा हात केला.