रिकामी गाडी बोलत नाही

मी एक जुनी हातगाडी आहे, मित्रांनो. एरंडोलच्या हसीब मिस्त्रींनी मला बाभळीच्या फळ्यांतून घडवले आणि पाचोऱ्याच्या चांदभाईंच्या हाती सोपवले. बावीस वर्षे मी केळी वाहिली. माझे डावे चाक कुरकुरायचे, ची... ची... आणि पाठोपाठ चांदभाईंची हाळी यायची, "केळी घ्या, केळी!" गल्लीतली पोरे घरातून धावत सुटायची.

पुढे चांदभाईंनी मालाची रिक्षा घेतली. मी अंगणात पडून राहिले, माझ्यावर गोधड्या वाळू लागल्या. शेवटी भंगारवाल्या झिपरूभाऊंना निरोप गेला, "बुधवारी दुपारी घेऊन जा."

त्याच बुधवारी सकाळी चांदभाईंची मुलगी सदफ मोबाइल घेऊन अंगणात आली. तिला एक भीतीचा प्रसंग चित्रित करायचा होता. शेजारच्या प्रमिलाबाई ओट्यावर एकट्याच डाळ निवडत बसतात आणि भिंतीआडून माझी कुरकुर जवळ येते. बस्स, एवढेच.

"येतं कोण, ते दाखवणारच नाहीस?" चांदभाईंनी विचारले.

"नाही अब्बा. दाखवलं की भीती संपते. फक्त काकूंचे हात दिसतील. आधी दुरून, मग जवळून, मग अगदी जवळून. गाडीचा आवाज वाढेल तसे हात मंदावतील."

चांदभाईंनी मला ढकलले. मी चालले, पण आवाजच निघेना!

"अब्बा, वंगण घातलंत?"

"घातलं ना! तुझ्या पिक्चरमध्ये आपल्या गाडीनं कुरकुर करावी का, बेटा?"

सदफने कपाळाला हात लावला. तिने घासलेटने चाक धुतले, राख चोळली. तरी मी मुकीच.

"ए पोरी, मनी चूल वाट देखी रायनी," स्वयंपाक खोळंबलेल्या प्रमिलाबाई कुरकुरल्या. आज मी सोडून सगळेच कुरकुरत होते! तेवढ्यात दुपार झाली आणि झिपरूभाऊही दारात येऊन उभे राहिले. मला कळून चुकले, आता बोलले नाही तर कायमची गप्प होईन.

चांदभाईंनी माझ्या मोकळ्या फळ्यांवर थाप मारली. मग म्हणाले, "रिकामी गाडी बोलत नाही." त्यांनी रिक्षातले घड आणून माझ्यावर रचले. तराजू डावीकडे ठेवला, अगदी पूर्वीसारखा. तो ओळखीचा भार आला आणि माझ्या चाकातून आवाज निघाला, ची...

"अब्बा, हाळी द्यायची नाही हं!"

मी भिंतीआडून सावकाश निघाले. मित्रांनो, आवाज तोच होता. फक्त त्यामागची ओळखीची हाळी तेवढी काढून घेतली होती. मी दारापाशी येऊन थांबले. प्रमिलाबाईंचे हातही सुपात थांबले. पुढे काहीच नाही, नुसती शांतता.

मग सगळे मोबाइलभोवती जमून तो प्रसंग बघू लागले. ती शांतता आली आणि झिपरूभाऊ दंडावर हात फिरवत पुटपुटले, "गाडी मना डोयासमोर शे, तरी आंगवर काटा उना!"

चांदभाईंना मात्र ती शांतता सोसवली नाही. ते एकदम ओरडले, "केळी घ्या, केळी!"

सगळे दचकले, मग हसले. आणि गल्लीतून पोरे धावत आली. घड माझ्यावरच होते. चांदभाईंनी ते उतरवले नाहीत. झिपरूभाऊ केळ्यांची एक फणी घेऊन आपला भंगाराचा हातगाडा रिकामाच ढकलत परत गेले.

मित्रांनो, जुनी वस्तू मुकी झाली म्हणून मोडीत काढू नका. आधी तिचे ओझे तिला एकदा देऊन पाहा. आणि वंगण जरूर घाला, पण सदफला विचारून!