राहिलेले सहा किलोमीटर

बोरीच्या शाळेत गणित शिकवणारे नागनाथ सर एक्कावन्नाव्या वर्षी मॅरेथॉन पळाले. तशी अर्धीच, पण 'अर्धी' हा शब्द गावाने कौतुकापोटी गाळून टाकला. कमावता माणूस अंथरुणाला खिळला की त्या घरी महिन्याचा किराणा पोचवायचा, असं एक मदत मंडळ गावात होतं आणि त्याची पेटी रिकामी झाली होती. म्हणून सरांनी जिंतूर रस्त्याने जाऊन परत यायचं, एकवीस किलोमीटर, आणि लोकांनी किलोमीटरमागे पैसे द्यायचे. मोजायला कुणी नव्हतं. गणिताच्या सरांचं कोण मोजणार?

चौदाव्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले. मागून सरकीचा टेंपो आला.

"बसा की सर," ड्रायव्हर म्हणाला.

सर 'नको' म्हणाले, पण बसल्यावर. विसाव्या किलोमीटरला उतरले आणि हलगीच्या तालावर धावत गावात शिरले.

संध्याकाळी लक्ष्मीबाई आल्या. नवरा लिंबाजी परांचीवरून पडल्यापासून त्यांची चूल मंडळाच्या किराण्यावर होती. हातात कोमट करडीच्या तेलाची वाटी. तेलही मंडळाचंच.

"पाय द्या इकडं."

"अहो, नको. घरात लागेल तुम्हाला."

"आमच्यासाठी पळलाव, अन् वाटीभर तेलाचं काय घेऊन बसलाव?" त्यांनी तळवे निरखून पाहिले. "एक फोड न्हाई! काय पाय हायत सर!"

खरं सांगावं, असं सरांच्या ओठापर्यंत आलं. पण टेंपो कळला तर गाव सहा नाही, एकवीसच्या एकवीस किलोमीटर परत घेईल, आणि लक्ष्मीबाईंचा किराणा त्यातच जाईल. सरांनी दुसरा पायही पुढे केला. तेल मुरत राहिलं.

रात्रभर डोळा लागला नाही. उजाडताच सर निघाले आणि राहिलेले सहा किलोमीटर एकटेच पळाले. फोड आला. इतकं बरं त्यांना कालपासून वाटलं नव्हतं.

गावात शिरताना धोंडप्पा दुकान उघडत होते. किलोमीटरला शंभर देणारे हेच.

"आज बी पळायलाव? किती झालं?"

"सहा. पण अप्पा, हे कालचेच..."

"कालचं काल दिलं की! आजचे सहाशे येगळे." धोंडप्पांनी नोटा काढून सरांच्या घामट मुठीत कोंबल्या. "लक्ष्मीबाईच्या घरी तेवढंच डाळ-तांदूळ."

नोटा परत कराव्यात तर डाळ-तांदूळ परत केल्यासारखं. सरांनी हिशेब मांडला. पळून झाले एकवीस. पैसे आले सत्तावीसचे. म्हणजे सहा राहिलेच.

सरांनी नोटा खिशात घातल्या, लंगडत वळले आणि पुन्हा जिंतूरच्या दिशेने पळू लागले.

"वा सर!" मागून धोंडप्पा ओरडले. "हे बी धरू का?"

"नका धरू!" सर किंचाळले. "पाया पडतो, नका धरू!"

"किती नम्र माणूस," म्हणत धोंडप्पांनी गल्ला उघडला.