माझ्या तळाचा स्क्रू

मी जॉयस्टिक बोलतेय. आधी दार लोटून घ्या, कारण या घरात कोण कधी आत शिरेल याचा मला भरवसा नाही.

डोळे उघडले तेव्हा मी खोक्यात, थर्माकोलमध्ये होते. तिथून थेट नागावला, प्रज्योतच्या टेबलावर आले. प्रज्योत घरचं होमस्टे सांभाळतो. पाहुणे समुद्रावर गेले की कॉम्प्युटरसमोर बसतो आणि माझी मान धरून लढाऊ विमान विमानवाहू जहाजावर उतरवतो. जहाज खोटं, समुद्र खोटा, पण त्याच्या तळहाताचा घाम खरा असतो.

इंटरनेटवरून आपापल्या घरून एकत्र खेळणाऱ्या सहा जणांचा त्याचा गट. सगळं खऱ्यासारखंच हवं, हा त्यांचा हट्ट. विमान डेकला, म्हणजे जहाजाच्या वरच्या सपाटीला, टेकलं की त्याच्या शेपटीचा आकडा ते थांबवणाऱ्या आडव्या तारेत अडकलाच, असं धरून चालायचं नाही. उलट इंजिनाचा जोर पूर्ण वाढवायचा. तार हुकली तर पुन्हा उडता आलं पाहिजे. कशावरच विश्वास न ठेवणारी ही विद्या मला पहिल्याच दिवशी आवडली.

घरात एक माणूस मात्र मला खटकायचा. प्रज्योतचा बाप, दयाराम. नौदलातून निवृत्त झालेला, पण त्या नोकरीबद्दल चकार शब्द न काढणारा. दुपारी प्रज्योत बाजारात गेला की हा हळूच खोलीत यायचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, नजर जमिनीवर लावून, पाऊल पाऊल चालायचा. मध्येच वाकून काहीतरी उचलायचा आणि खिशात टाकायचा. त्याच्या बायकोने, ठमाबाईने, एकदा दारातून हटकलं, "काय हरवलंय काय?"

"काय न्हाय," म्हणून निघून गेला. असं म्हणणाऱ्यांना मी चांगली ओळखून आहे.

मग परीक्षेचा रविवार आला. गटात राहायचं तर खवळलेल्या समुद्रात डुलणाऱ्या जहाजावर लागोपाठ तीनदा उतरायचं होतं. खेळात डेकवरून विमान उतरवून घेणारी गटातली कल्पिता हेडफोनमधून सांगत होती, "डावीकडे कललायस, सावर!" सावरणार कसा? माझी बैठकच डगमगत होती. दोनदा तार हुकली.

"आज थांब," कल्पिता म्हणाली. "पुढच्या रविवारी शेवटची संधी."

प्रज्योतने मला उलटं केलं. तळाचा एक स्क्रू गायब! मला हातात घेऊनच तो पडवीत गेला. "बाबा, माझ्या खोलीतून काय उचलता तुम्ही? मी खेळू नये म्हणून स्क्रू काढलात ना?"

सापडला चोर, मी मनात म्हटलं.

दयारामने आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात टाचण्या, खडे, तुटकी बटणं होती आणि माझा स्क्रू होता.

"काढला न्हाय. टेबलाखाली पडला व्हता. कशाचा हाय ते ठावं न्हवतं, म्हनून जपून ठेवला." त्याने डबा प्रज्योतपुढे धरला. "जहाजावर इमान उडायच्या आधी आमी सगले रांगेत, खाली पडलेला येचत डेक चालायचो. बारीक खडा जरी इंजिनात खेचला तरी इमान गेला. एक दिवस डेकच्या माझ्या वाट्याच्या पट्ट्यात एक बोल्ट राह्यला. इंजिन फुटला. माझा जोडीदार धर्मा बाजूलाच उभा व्हता, थितंच ग्येला." त्याने डब्यातला स्क्रू उचलून तळहातावर घेतला. "तवापासून मी खाली बगूनच चालतंय."

प्रज्योत बापाच्या पायाशी बसला. दयारामने स्वतःच्या हाताने माझा स्क्रू घट्ट बसवला.

पुढच्या रविवारी उडण्याआधी प्रज्योत म्हणाला, "बाबा, चला." दोघे शेजारी-शेजारी खोलीभर चालले. कल्पिताने कारण विचारलं. ऐकून ती म्हणाली, "सगळे उठा. आपापली खोली चाला." सहाही जण चालले, आणि मगच विमानं उडाली. प्रज्योतने तिन्ही वेळा तार पकडली.

आता माझं ऐका. तो स्क्रू पडला तेव्हा टक्क आवाज झाला होता, आणि तो मी ऐकला होता. मोडकी म्हणून मला भंगारात टाकतील, या भीतीने मी गप्प राहिले, आणि जो माणूस माझाच तुकडा सांभाळत होता त्याला चोर म्हणत राहिले. याची मला फार लाज वाटते.

ते दार आता उघडंच राहू द्या. दुपार झाली, दयारामबाबा यायचे आहेत.