दारातली खुर्ची

मित्रांनो, या, बसा. माझ्यावरच बसा, मी मोडत नाही! मी कामगार मदत मंडळाची जुनी खुर्ची आहे. वय विचारू नका, पण तुमचे आजोबा लहानपणी माझ्यावरून पडलेले आहेत.

माझ्या जन्माआधीची गोष्ट. कापड कारखान्यातला एक रंगारी पाय मोडून घरी पडला. मागायची लाज, म्हणून त्याने दार लावून घेतलं आणि पोरं उपाशी झोपली. कळलं तेव्हा अख्ख्या गल्लीच्या माना खाली गेल्या. त्यातूनच मंडळ निघालं. पहिला नियम ठरला, की कुणावर मागायची वेळ आणायची नाही. सुतारदादांनी खोक्यांच्या फळ्यांतून मला घडवलं. ज्याच्या घरी अडचण, त्याच्या दारात मला ठेवायचं. येणाऱ्याजाणाऱ्याने घटकाभर टेकायचं, गप्पा मारायच्या आणि आणलेलं तिथेच ‘विसरून’ जायचं. माझा एक पाय दादांनी मुद्दाम आखूड ठेवला. कुणी बसलं की मी खट् वाजते आणि आतल्यांना कळतं, आपलं माणूस आलं. शिवाय घरच्यांनी स्वतः उचलल्याशिवाय मी दारातून हलायचं नाही, हाही नियमच.

एकदा मला तापाने पडलेल्या हमालाकडे न्यायचं होतं. दोन घरांना पडवी एकच, त्यामुळे नेणाऱ्याने मला शेजारच्या दारात टेकवलं. ते दार कुलूपवाल्या मामांचं! मामा मंडळ काढणाऱ्यांतलेच, पण पुढे भांडून बाहेर पडलेले, नाकावर माशी बसू न देणारे. सकाळपासून खट्, खट्. कुणी पीठ ठेवलं, कुणी कोळसा. मामा तणतणले आणि त्यांनी मंडळाच्या प्रमुख मावशींना बोलावून घेतलं.

“मी तुमचा सभासद नाही. उचला ही.”

दार चुकल्याचं मावशींना कळलं होतं, पण त्या हटल्या नाहीत. “नियम तुम्हीच केलात ना, मामा? मग तुम्हीच उचला.”

मामांनी हात पुढे केला. तो माझ्या शेजारी हवेत फिरत राहिला. मी समोरच होते आणि त्यांना सापडत नव्हते.

मग मामी बाहेर आल्या आणि सरळ माझ्यावर बसल्या. खट्!

“यांना दिसेनासं झालंय. चाव्या मीच घासतेय. खुर्ची राहू दे.”

मामा हात मागे घेत उंबऱ्यावर टेकले. शेवटी पुटपुटले, “आणि हमालाचं काय?”

“त्याच्या दारात खोकं ठेवू,” मावशी म्हणाल्या. “त्याच्या धिप्पाड पाहुण्यांनी हिला मोडलीच असती.”

मंडळाने मामांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली. बरे झाल्यावर त्यांनी मला स्वतः डोक्यावर घेऊन पुढच्या घरी पोचवलं. वाटेत कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही!

हल्ली मी मंडळाच्या खोलीत असते. माझ्यावर बंद पडलेला पंखा ठेवलाय. लोक म्हणतात, फोन केला असता तर आलो असतो. पण मित्रांनो, फोन करणं म्हणजेसुद्धा मागणंच की!

माझे सांधे अजून पक्के आहेत. मला जपायचं असेल तर पुसून कोपऱ्यात ठेवू नका. तुमच्या गल्लीत एखादं दार बरेच दिवस लावलेलं दिसतंय ना? तिथे न्या मला. दार चुकलं तरी चालेल.