गंगारामबुवाचा गजर

आनंदीने घरात गंगारामबुवाचं नाव काढायला बंदी घातली होती. शेजारच्या काशीबाईने एकदा चुकून काढलं, तर आनंदीने तिच्या हातातला चहाचा कप काढून घेतला, तोही अर्धा प्यालेला. काशीबाई महिनाभर तिच्याशी बोलत नव्हती.

कारणही तसंच होतं. आनंदीचा नवरा धोंडूबुवा हा तोंडवलीचा भजनी बुवा, आणि आचऱ्याचा गंगाराम त्याचा तीस वर्षांचा हाडवैरी. दोघांची डबलबारी म्हटली की चार गावचे लोक चटया घेऊन येत. समोरासमोर दोन माच, दोन पेट्या, दोन पखवाज. एका बुवाने गजरातून दुसऱ्याची खोडी काढायची आणि दुसऱ्याने आपल्या बारीत गाऊनच तिला जाब द्यायचा. जाब दिला नाही तो हरला, मग त्याचा गळा कितीही गोड असो.

मार्गशीर्षातल्या जत्रेत चिठ्ठ्या टाकल्या, त्यात शेवटची बारी गंगारामच्या वाट्याला आली. शेवटच्या गजरात त्याने धोंडूबुवाकडे बोट केलं आणि सुरू केलं:

धोंडूबुवाची पेटी फुटकी, भात्यात नाही वारा,
घरात चाले राज्य बाईचे, बुवा घालतो चारा!
ती म्हणते बस, बसतो बापडा, ती म्हणते ऊठ, उठतो,
माझ्यापुढे गायला बसला की घसाच याचा फुटतो!

लोक हसून हसून लोळले. मंडपातल्या बायका माना वळवून आनंदीकडे बघत होत्या, काही तर तोंडाला पदरही न लावता हसत होत्या. धोंडूबुवाच्या ओठांवर जाब तयार होता, पण त्याची बारी शिल्लक नव्हती. तिसऱ्या दिवशी न्हाणीघरात तो कोसळला, अंगावरून वारा गेला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेली. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तदाबाच्या गोळ्या यांनी सहा महिन्यांपासून बंद केल्या होत्या. आनंदीने ते ऐकून घेतलं, मान हलवली आणि सगळा दोष गंगारामच्या माथी मारला. असा सोयीचा माणूस हाताशी असताना ती गोळ्यांना कशाला दोष देईल!

तीन महिने धोंडूबुवा पडवीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. आठवड्यातून दोनदा मालवणहून दीपिका स्कूटरवरून यायची. ती फिजिओथेरपी करायची, पंचविशीतली, बोलायला फटकळ. तिने पाय वाकवून, ताणून, दाबून पाहिला आणि एके दिवशी आनंदीला अंगणात बोलावून सरळ सांगितलं, "काकी, पायात ताकद आली आहे. काकांना उठायचंच नाहीये. असेच आणखी दोन महिने पडून राहिले, तर पाय आखडेल. मग मी काय, कुणीच त्यांना उभं करू शकणार नाही."

आनंदीच्या तोंडचं पाणी पळालं. "मगे मी काय करू गो बाय?"

"त्यांचं आवडतं गाणं लावा. ठेका असलेलं. भजनी माणूस आहे, तालावर उठेल."

झालं. आनंदीने पदर खोचला. पुण्याच्या भाचीला, आकांक्षाला, फोन केला. तिने पन्नास गाणी पाठवली, सगळी मनाला उभारी देणारी. कुणी पंख पसरत होतं, कुणी शिखर गाठत होतं, कुणी वादळाशी झुंजत होतं. आनंदीने फोन रिकाम्या टोपात उभा ठेवला, म्हणजे आवाज घुमतो, आणि एकेक लावत गेली. धोंडूबुवाने पहिल्या गाण्याला डोळे मिटले. दुसऱ्यातला गायक वरच्या पट्टीत जरा घसरला, तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली, तेवढीच काय ती हालचाल. मग तिने आरत्या लावल्या. मग त्याचीच जुनी भजनं लावली. स्वतःचा आवाज ऐकून तो असा हमसून रडला, की तिने घाईघाईने फोनच बंद केला.

"उठा ओ," ती म्हणायची. "देवाशप्पत उठा." शेवटी ओरडायची, "उठा म्हणतंय ना!" आणि ओरडली की तिला ती ओळ आठवायची, ती म्हणते ऊठ, उठतो. तळपायाची आग मस्तकात जायची. खोटारडा मेला! एवढं जर आपलं ऐकत असता हा माणूस, तर आज असा पडला असता का?

चैत्रात काशीबाईकडे सत्यनारायण होता. सकाळपासून कर्णा लागला होता. नऊच्या सुमाराला कुणीतरी फोनमधल्या डबलबाऱ्या लावल्या आणि अख्ख्या वाडीवर गंगारामचा आवाज घुमला: धोंडूबुवाची पेटी फुटकी!

आनंदी हातातली केरसुणी घेऊनच धावली. पूजेचं घर, भटजी बसलेले, पण तिला कशाचं भान नव्हतं. "काशी, लाज नाय तुका? आजारी माणसाच्या कानाशी त्या मेल्याक नाचवतस? बंद कर आदी, नायतर तुजो कर्णो बावीत टाकतंय!"

काशीबाईही काही कमी नव्हती. "माका काय ठाऊक खंयचा लागला ता! पूजेच्या दिसा केरसुनी घेवन इलंस ती?" दोघींचं जुंपलं. पण कर्णा बंद झाला. आनंदी फणफणत घरी परतली आणि पडवीच्या पायरीवर थबकली.

धोंडूबुवा खाटेवर उठून बसला होता. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, चेहरा लालबुंद. डाव्या हाताने खाटेच्या कठड्यावर ठेका धरलेला, आणि उजव्या पायाचा अंगठा, तीन महिने मेलेला अंगठा, त्या ठेक्यावर हलत होता. गजर अर्ध्यात तुटला म्हणून तो बायकोकडेच खाऊ की गिळू असं बघत होता.

दीपिकाला हे कळलं तेव्हा ती हसत सुटली. "हेच त्यांचं आवडतं गाणं, काकी! रोज लावा."

"आवडता? शिव्या घातल्यान हत तेका तेच्यात! आणि माका पण."

"घालू दे. बसले ना उठून?"

त्या दिवसापासून आनंदी रोज सकाळी नऊ वाजता आपल्या हाताने फोन टोपात ठेवायची आणि गंगारामला लावायची. आयुष्यात तिने इतकं कडू काम केलं नव्हतं. चारचौघांत जिने तिचं हसं केलं ती ओळ रोज स्वतःच्या घरात वाजवायची, आणि वर नवऱ्याच्या काखेत हात घालून ठेका मोजायचा. पण धोंडूबुवा पहिल्या आठवड्यात बसू लागला. दुसऱ्या आठवड्यात खांब धरून उभा राहिला. तिसऱ्यात काठी घेऊन खाटेपासून दारापर्यंत पाच पावलं टाकली, दात-ओठ खात, जणू दाराशी गंगारामच उभा आहे.

मग गाडं अडलं. दारापुढे तो जाईना. गजर लागला तरी नुसता ऐकायचा, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी तर पुन्हा भिंतीकडे वळला. वाचाही अजून परतली नव्हती, "बा, बा" एवढंच. आनंदीला मात्र उमगलं. तीस वर्षं बुवाचा संसार केलेली बाई ती. खोडी शिळी झाली होती. हा माणूस जुनी खोडी उगाळत बसणाऱ्यातला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने आचऱ्याची एसटी पकडली.

गंगाराम घरापुढच्या खळ्यात कोकमासाठी रातांबे फोडत बसला होता, हात कोपरापर्यंत लाल. तिला बघून तो गडबडून उठला. पाच महिन्यांत तो निम्मा झाला होता, गालफडं बसलेली. आनंदीला ते बघून बरं वाटलं, लपवायचं कशाला.

"वयनी, तुमी? बसा, बसा. त्या जत्रेपासून पेटयेक हात लावूक नाय मी. माफी मागूक येवचा होता, पण..."

"तुजी माफी तुज्याकडे ठेव. माका गजर व्हयो. नवो."

"कसलो गजर?"

"तेंच्यावरचो. आदीच्यापेक्षा वायट. फाल्यां सकाळी नऊ वाजता पेटी घेवन ये आणि तोंडार गा." मग तिने अंगठ्यापासून दारापर्यंतची सगळी हकीकत सांगितली, उभ्या उभ्याच.

गंगाराम पांढराफटक पडला. "वयनी, आजारी माणसाक असा गावक सांगतास? माका नरकात पण जागो गावचो नाय."

"ता तुजा तू बघ," आनंदी म्हणाली आणि त्याने पुढे केलेल्या पाण्याच्या तांब्याला हात न लावता निघाली.

तो आला. नवाच्या ठोक्याला खळ्यात चटई टाकून त्याने पेटी उघडली. कुंपणापलीकडून काशीबाई टाचा उंचावून बघत होती. पडवीत खाटेवर बसलेल्या धोंडूबुवाने त्याला ओळखलं आणि त्याची डावी मूठ आवळली. हा शेवटचा इलाज होता. यापुढे तिच्याजवळ काही नव्हतं.

आणि या शहाण्याने काय गावं? धोंडूबुवा माझा थोरला भाऊ, त्याच्या गळ्यात सरस्वती, त्याला देवा लवकर बरं कर! आवाज कापरा, डोळ्यांत पाणी. धोंडूबुवाची मूठ सैल झाली. त्याने गंगारामकडे असं बघितलं, जसं आपण दारात आलेल्या सांत्वनवाल्यांकडे बघतो, आणि हळूहळू पाय वर घेऊन भिंतीकडे तोंड केलं.

आनंदी पायरी उतरून गंगारामच्या अंगावर धावली. "दया दाखवूक बोलवलंय तुका? तो मेलो काय रे, म्हणान रडतस? तेचो वैरी म्हणवतस आणि एक खोडी जमत नाय? तीस वर्सां तेच्याच जिवार बुवा झालंस तू! तेच्याशिवाय तुका हिंग लावन इचारता कोण? गातलस तर गा, नायतर उचल पेटी!"

गंगारामच्या कानशिलाच्या शिरा फुगल्या. तोही बुवाच होता शेवटी. त्याने डोळे पुसले, भाता जोरात ओढला आणि काळी पाचची पट्टी धरली:

लोक म्हणती वारा गेला, मी म्हणतो हे सोंग,
जाब द्यायला सुचला नाही, म्हणून केलं ढोंग!
खाटेवरती लोळत खातो, लाज ना उरली थोडी,
बाईच आली आचऱ्याला, मागत माझी खोडी!

"रे देवा," काशीबाई पुटपुटली. एवढं वाईट आनंदीनेही मागितलं नव्हतं. या माणसाचा तिला त्या क्षणी असा काही तिटकारा आला, की मागून जाऊन ती पेटी त्याच्याच डोक्यात घालावी.

धोंडूबुवा उठला. काठी नाही, खांब नाही. उजवा पाय फरफटत तो पडवीच्या कडेला आला. पुढे दोन पायऱ्या होत्या, त्या तो आजारी पडल्यापासून उतरला नव्हता. आनंदीने धावत जाऊन धरू नये म्हणून आपलेच दोन्ही हात काखेत दाबून धरले. एक पायरी, मग भिंतीला खांदा लावून दुसरी. खळ्यातून सात पावलं टाकून तो गंगारामपुढे उभा राहिला आणि डाव्या पंजाने त्याने पेटीचा भाता थाडकन मिटला.

धोंडूबुवाने तोंड उघडलं.

"गं... गा... रा... मा..."

बोललेलं नव्हतं ते, गायलेलं होतं. काळी पाच, जराही इकडेतिकडे नाही. पण पुढचा शब्द येईना. त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथेच अडला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, गुडघा लटपटू लागला. गंगारामच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्याला न राहवून त्याने शब्द पुरवायला ओठ हलवले.

"तोंड मिट!" आनंदी कडाडली. "तेंची बारी आसा!"

गंगारामने ओठ आवळले आणि मान खाली घालून बसून राहिला. धोंडूबुवाने तिसऱ्यांदा श्वास भरला आणि वैऱ्याचं नाव पुन्हा सुरात घेतलं. या वेळी नावापुढे शब्द आला, अख्खा, स्पष्ट, आणि इतका घाणेरडा, की काशीबाईने दोन्ही कानांवर हात ठेवले आणि आनंदी पाच महिन्यांत पहिल्यांदा ढसाढसा रडली.